पिपरटोल्याची निरोगी चौकी

पिपरटोल्याच्या पोलीस चौकीत आजारी माणूस नाही, असं यादोराव हवालदार चारचौघांत छाती पुढं काढून सांगत असे. कागदोपत्री ते शंभर टक्के खरंही होतं. तो आल्यापासून चौकीतल्या एकाही शिपायानं आजारपणाची रजा घेतली नव्हती. आता प्रत्यक्षात काय होतं ते दरेकशाच्या वरच्या डोंगरात एक पावसाळा काढलेल्याला विचारावं. चौकी होती नाल्याच्या अगदी काठाला. इंग्रजाच्या राज्यात कुणा गोऱ्या साहेबाला शिकारीला सोयीची पडावी म्हणून बांधलेली. तिन्ही बाजूंनी रान, चौथ्या बाजूला साचलेलं पाणी, आणि पाऊस सरला की डास असे की दिवेलागणीला तोंड उघडून बोलायची चोरी. दिवाळीच्या आगेमागे तर चौकीतला एकूण एक माणूस आळीपाळीनं थंडीतापानं हलत असे. चौकी बांधणारा साहेब केव्हाच आपल्या देशी निघून गेला, हलायला राहिले आपले लोक.

मग रजा कशी नव्हती? तर ती सगळी हवालदाराची करामत. कुणाला थंडी एका दिवसाआड येते, कुणाला दोन दिवस सोडून येते, कुणाची सकाळी भरते, कुणाची दुपारी, हे यादोरावाला तोंडपाठ होतं. गस्त तो त्या हिशेबानंच वाटायचा. ज्याची थंडीची पाळी त्यानं मागच्या खोलीत बाजेवर पडायचं, आणि त्याची गस्त ज्याला त्या दिवशी ताप नाही त्यानं करायची. बाहेरून कुणी आलं तर पडलेला माणूस 'जंगलात गेलाय'. जिल्ह्यातले इतर हवालदार वरच्या हुकमानं चौकी चालवत असतील, यादोराव तापाच्या अंदाजानं पोलीसखातं चालवत होता.

आणि पडलेल्याची तो सेवा करायचा, अगदी मनापासून. स्वतः काडेचिराईत उकळून काढा करायचा, नाक दाबून पाजायचा. हुडहुडी भरली की तीन गोधड्या टाकून वर स्वतः बसायचा. त्यांची ओकारी पुसायला कधी त्याला लाज वाटली नाही. घरी त्याला मूलबाळ नव्हतं, जी काय माया होती ती या पोरांवर. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल, माणूसच वाईट होता. वाईट माणसाच्या हातून एवढं वाईट झालं नसतं. पोरांनी त्याचं ऐकलंच नसतं.

आजार लपवायची ही खोड त्याला उगाच नव्हती लागली. तो नवा नवा शिपाई होता तेव्हा एका साहेबानं कवायतीत फार गोड आवाजात विचारलं होतं, कुणाला बरं नसेल तर पुढं या. तिघं भोळेपणानं पुढं आले. पुढच्या महिन्यात तिघांनाही नालायक ठरवून घरी पाठवलं. त्यातला एक यादोरावाच्या शेजारच्या बाजेवर निजणारा, त्याचा जिवाभावाचा सोबती. त्या दिवशी यादोरावानं कानाला खडा लावला. साहेब प्रेमानं विचारायला लागला की समजायचं, आता कुणाच्या तरी पोटावर पाय येणार.

त्यात वर्षापूर्वी हा सगळा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. साहेब बदलले, हुकूम बदलले, आणि दरेकशाच्या ठेसनावर गोंदियाहून उतरणारा प्रत्येक माणूस नवी बातमी आणायचा. मुंबईवाले छाटणी करणार. जुने लोक काढणार, अशक्त लोक काढणार, आपल्याकडचे धडधाकट आणून भरणार. खरं खोटं कुणाला ठाऊक नव्हतं. यादोरावाची पेन्शन आता हाताशी आली होती, त्यामुळं त्यानं ते सगळं खरंच धरलं.

चौकीत पाच शिपाई. त्यातला केवळराम सगळ्यांत लहान, सडक अर्जुनीकडचा. बाप दुसऱ्याचं धान अर्ध्या वाट्यानं, बटईनं करणारा. केवळराम आला तेव्हा दोन हातांनी दोन घागरी धरून नाल्याचा चढ चढायचा, वर गाणंही म्हणायचा. सोबत नवी बायको, धुरपता. चौकीमागच्या मातीच्या खोल्यांत तेवढीच एक बाई, त्यामुळं पाचही जणांच्या भाकरीचा भार आपोआप तिच्यावर पडला. तिनं कधी कुरकुर केली नाही. यादोरावाला ती मामाजी म्हणायची.

त्या वर्षी केवळरामाची थंडी पाळी सोडून वागायला लागली. रोज भरायची. तापावरच्या कोयनेलच्या गोळ्या कधी मिळायच्या, कधी नाही. मिळाल्या की तो मूठभर खायचा, संपल्या की काढ्यावर. डोळे हळदीसारखे पिवळे झाले. मग एका सकाळी धुरपता चौकीच्या ओट्याशी येऊन उभी राहिली. पदर तोंडाला लावलेला होता.

"मामाजी, याईची लघवी कारी होऊन राहिली," ती म्हणाली. "बिनदुधाच्या चहावानी. हे साधी थंडी नोहे. याईले गोंदियाले न्या."

काळी लघवी यादोरावानं आयुष्यात दोनदा पाहिली होती, आणि दोन्ही वेळा पुढं काय झालं तेही पाहिलं होतं. तो म्हणाला, "उद्याच्या गाडीनं नेतो पोरी. मी सोता जातो संगं."

त्यानं ते मनापासून म्हटलं होतं. पण दुपारी ठेसनावरचा रेल्वेचा खलाशी निरोप घेऊन आला. परवा नवे साहेब तपासणीला येत आहेत, सोबत डॉक्टर आहेत.

चैतराम नावाचा एक जुना शिपाई बंदूक पुसत बसला होता. तो म्हणाला, "डाक्टर कायले आणून राहिला जी सायेब? बंदुका मोजाले डाक्टर लागते का?"

"छाटाले," यादोराव म्हणाला.

चैतरामाला पोटात डाव्या बाजूला तापानं वाढलेली, चांगली नारळाएवढी पानथरी होती. तो नुसता सदरा खाली ओढून बसला.

यादोराव मागच्या खोलीत गेला आणि बाजेशेजारी उकिडवा बसला. केवळराम जागा होता. त्याला आता गाडीत घालून गोंदियाला न्यायचं म्हणजे दवाखान्यात नाव, हुद्दा, चौकी सगळं सांगावं लागणार. परवा साहेब येणार, रिकामी जागा पाहणार, विचारणार. मग एकाचं निघालं की सगळ्यांचं निघणार. यादोरावानं हे सगळं त्याला समजावून सांगितलं. धुरपता दारात उभी राहून ऐकत होती.

"दोन दिस दम धर पोरी," तो तिच्याकडं वळून म्हणाला. "सायेब आला का गेला. मंग खांद्यावर घालून नेतो याले."

"अन् दोन दिसांत काई झालं तं?"

"अन् नौकरी गेली तं? जन्मभर काय खासान?"

धुरपतानं नवऱ्याकडं पाहिलं. केवळराम हळूच म्हणाला, "मामा म्हणते तसंच करू. माया बाप गावभर सांगत फिरते, पोट्टा पोलिसात हाये म्हणून. मले घरी पाठवू नोका जी मामा."

निवाडा असा झाला. आजारी माणसानंच हात जोडून आपला दवाखाना नाकारला आणि हवालदाराचे डोळे भरून आले. आपण या पोराचं केवढं भलं करतोय या विचारानं भरून आले, ही त्यातली चीड आणणारी गोष्ट.

बाकीच्यांचं गणित त्यानं तासाभरात बसवलं. नशिबानं परवाचा दिवस कुणाच्याच थंडीचा नव्हता. राहिला केवळराम. नाल्यापलीकडं मोहफुलाच्या राखणीला बांधलेलं एक खोपडं होतं. मोसम नव्हता, त्यामुळं ते रिकामंच. त्यात त्याला हलवायचं, धुरपतानं जवळ बसायचं. पण रांगेत पाच दिसायला हवेत. चार दिसले तर पाचवा कुठं, हा प्रश्न येणार. म्हणून मग गावचा कोतवाल कवडू याला बोलावलं. कवडू डोंगरातच जन्मलेला, तब्येतीनं ठणठणीत, ताप त्याच्या अंगात लहानपणीच येऊन कंटाळून गेलेला. केवळरामाचे कपडे त्याला अंगात बरोबर बसले.

"हवालदारसायेब, पोलिसाचा डरेस घालून सापडलो तं मले जेलात टाकतीन," कवडू म्हणाला.

"मी हावो ना."

"तुमी तं हाच जी. पण जेलात मी राहीन."

शेवटी कवडू तयार झाला. चौकीचा शब्द मोडून कोतवालाला गावात राहता येत नाही. बूट मात्र त्याला घट्ट झाले. जन्मात कधी बूट न घातलेला माणूस, तो काटेरी रानातून चालल्यासारखा पाय टाकायला लागला. शिपाई हसले. त्या दोन दिवसांत चौकीत तेवढंच हसू झालं.

तपासणीच्या दिवशी उजाडताच केवळरामाला बाजेसकट नाल्यापलीकडं नेलं. ऊन वर आल्यावर जीप आली. नवे साहेब पुण्याकडचे, वयानं तरुण, गाडीतून स्वतःच दार उघडून उतरले. मागून उतरले ते डॉक्टर, केस पिकलेले, हातात कातडी पेटी. जीपच्या मागच्या भागात एक जाड गादी अंथरलेली होती. साहेबाला कंबरेचा त्रास असेल, असं यादोरावाला वाटलं.

सलामी झाली. साहेबांनी रांगेवरून नजर फिरवली आणि विचारलं, "हवालदार, कुणी आजारी आहे का?"

"नाई जी."

"रजेवर?"

"कोनीच नाई जी."

"गेल्या महिन्याभरात ताप येऊन गेला असेल कुणाला. हे बघा, मोकळेपणानं सांगा. मी रागवायला आलेलो नाही."

मोकळेपणानं! यादोरावाच्या कानात तो जुना गोड आवाज वाजला. तो म्हणाला, "नाई जी सायेब. येथची हवा बम चांगली हाये."

डॉक्टर एकेकाचे डोळे, जीभ पाहत, पोट दाबत पुढं सरकत होते. चैतरामापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा दाबलं.

"ही पानथरी केव्हापासून?"

चैतरामानं हवालदाराकडं पाहिलं. "लहानपनापासून हाये जी. आमच्या घरी साऱ्याईलेच हाये."

"थंडी वाजते?"

"हिवाड्यात वाजते जी. साऱ्याईलेच वाजते."

डॉक्टरांनी साहेबांकडं पाहून भुवया उंचावल्या, पण माणूस स्वतःच नाही म्हणतो तिथं डॉक्टरनं काय करावं. शेवटी कवडू. त्याच्या पोटावर डॉक्टरांची बोटं बुडेचनात. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय नाव?"

"केवळराम, सायेब."

"शाब्बास. पाय का असे टाकतोस?"

"बूट नवे हायेत जी."

साहेब हसले. रांग मोडायचा हुकूम झाला. मग साहेब चौकीपुढच्या झाडाखाली खुर्चीवर बसले, चहाचा कप हातात घेतला, आणि यादोरावाला जवळ बोलावलं. कवडू आणि चैतराम दहा पावलांवर उभे होते, त्यांनाही शब्द न शब्द ऐकू येत होता.

"हवालदार, मला तर फार वेगळं सांगण्यात आलं होतं," साहेब म्हणाले. "या बाजूच्या दोन चौक्यांत माणसं तापानं झिजताहेत, असं ऐकलं होतं. म्हणून डॉक्टरांना घेऊन निघालो. ही गादी पाहिलीत ना? कुणी अंथरुणाला खिळलेला असेल तर त्याला आजच खाली न्यायचं म्हणून टाकून आणलीय. दवाखान्यात आपल्या माणसांसाठी खाटा राखून ठेवल्यात. पगार चालू राहील, नोकरीला धक्का लागणार नाही. आणि या दोनपैकी एक चौकी मला यंदा खाली, ठेसनाजवळ हलवता येईल. एकच. म्हणून दोन्हींकडं स्वतः बघतोय."

यादोराव ऐकत राहिला. हा सापळा नव्हे, हे त्याला कळायला वेळ लागला नाही. पंचवीस वर्षं साहेबांचे चेहरे वाचून पोट भरलेला माणूस होता तो. हा पोरगेलेसा साहेब खरं बोलत होता, सरळ, माणूस माणसाशी बोलतो तसं. नाला ओलांडला की खोपडं, इथून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. डॉक्टर इथंच. गादी इथंच.

"तेव्हा पुन्हा एकदा विचारतो," साहेब म्हणाले. "कुणी आहे का? आधी नाही म्हटलंत ते मी विसरून जाईन."

यादोरावानं तोंड उघडलं. समोर कवडू केवळरामाच्या कपड्यांत उभा होता आणि डोळे फाडून त्याच्याकडं बघत होता. आता हो म्हणायचं तर हा कोण, हे सांगावं लागेल. कोतवालाला वर्दी घालून साहेबांपुढं उभा केला. डॉक्टरांना त्याचं पोट दाबायला लावलं. याला साहेब विसरून जाईल? साहेब विसरेल, पण साहेबाच्या वर साहेब आहेत. आणि पेन्शन तर आता हाताशी आलेली.

"नाई जी," तो म्हणाला.

आतापर्यंतच्या सगळ्या थापा त्यानं पोरांसाठी मारल्या होत्या, निदान तसं त्याला म्हणता येत होतं. ही एक त्यानं स्वतःसाठी मारली, आणि मारताना त्याला ते पुरतं कळत होतं. यातून त्याची सुटका नाही, आणि असूही नये.

साहेबांनी कप खाली ठेवला, हवालदाराशी हात मिळवला आणि अशी चौकी जिल्ह्यात दुसरी पाहिली नाही असं म्हणाले. जीप वळली. तिचा आवाज उतारावर बारीक होत गेला. यादोराव तिथंच सलामीचा हात कपाळाला लावून उभा राहिला. चैतरामानं त्याचा हात धरून खाली केला तेव्हा तो पळत सुटला.

खोपड्यात केवळरामाला शुद्ध होती. ओठ काळे पडले होते, श्वास वरच्या वर चालला होता. धुरपता त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"गेले का जी सायेब?" केवळरामानं विचारलं.

"गेले."

"काई म्हणले का?"

"खुश होऊन गेले."

"मायी नौकरी?"

"पक्की हाये बाबू तुही नौकरी," यादोराव म्हणाला. केवळराम हसला, म्हणजे हसल्यासारखं केलं.

त्यांनी बाज उचलली. पुढं यादोराव आणि चैतराम, मागं कवडू आणि आणखी एक शिपाई. कवडूनं बूट काढून फेकले होते, बाकी वर्दी तशीच अंगावर. डोंगरातून दरेकशाच्या ठेसनापर्यंतची वाट उतरणीची, दगडगोट्यांची. धुरपता बाजेच्या खुराला हात लावून शेजारून चालत होती. बांबूच्या बनापाशी ती थांबली.

"ठेवा खाली, मामाजी," ती म्हणाली.

"ठेसन आलं पोरी. गाडी भेटते अजून."

"ठेवा म्हणते ना."

त्यांनी बाज खाली ठेवली. यादोराव नाडी चाचपत राहिला, एका मनगटाची, मग दुसऱ्याची. शेवटी चैतरामानं आपला फेटा सोडला आणि केवळरामाच्या तोंडावर पांघरला.

वर कळवावं तर लागणारच होतं. यादोरावानं कळवलं, शिपाई केवळराम याला तपासणीच्या रात्री एकाएकी ताप भरला आणि दवाखान्यात नेत असताना वाटेत मृत्यू आला. कुणी शंका घेतली नाही. त्याच दिवशी खुद्द डॉक्टरांनी त्याला तपासून शाब्बास म्हटलं होतं, मग शंका कुणावर घ्यायची? उलट साहेबांनी दुःख कळवलं. एवढा धट्टाकट्टा गडी असा अचानक जावा, असं ते हळहळले म्हणे.

धुरपताचा सासरा येऊन गेला तरी ती चौकीमागच्या खोलीतच होती. दिवस करून म्हातारा आधी निघून गेला, सून भांडीकुंडी आवरून येणार होती. ती कुणाशी बोलत नव्हती, पण पाची जणांची, आता चौघांची, भाकर मात्र थापत होती. एका सकाळी तिनं ती थापली नाही. कवडूला राहवलं नव्हतं, त्यानं आदल्या दिवशी तिच्या पायांवर डोकं ठेवून सगळं सांगून टाकलं होतं. यादोराव ओट्यावर दात घासत होता, त्याच्यासमोर ती येऊन उभी राहिली.

"मामाजी, जीपमंधी गादी होती म्हणते?"

यादोराव चूळ भरायला विसरला.

"सायेबानं दोनदा इचारलं म्हणते तुमाले."

"पोरी, मले का ठावं होतं..."

"आंधी ठावं नव्हतं. मंग तं सांगतलं ना त्यानं." तिचा आवाज चढला नाही. "मी खोपड्यातून जीपचा आवाज आयकून राहिली होती, मामाजी. हे कन्हत होते. सायेबाले आयकू जाईन म्हणून म्या याईच्या तोंडावर हात ठेवला. सायेब हाये तवरिक ठेवला. तुमी म्हणलं म्हणून ठेवला."

तिनं आपला उजवा तळवा त्याच्यापुढं धरला. यादोरावानं मान खाली घातली. तिच्या पाया पडावं असं त्याला वाटलं, आणि पडलो तर ते सगळ्यांना दिसेल असंही वाटलं, आणि तो तसाच उभा राहिला. ती खोलीत गेली आणि बोचकं बांधायला लागली.

त्याच आठवड्यात वरून हुकूम आला. दुसरी चौकी खाली हलवायचं ठरलं होतं, तिथले लोक फार आजारी निघाले. पिपरटोल्याची चौकी होती तिथंच राहणार. तिथली हवा उत्तम, पाणी निर्मळ आणि हवालदार माणसांची काळजी घेणारा, असं साहेबांनी स्वतः पाहिलं असल्यामुळं, दुसऱ्या चौकीत तापानं खंगलेले दोन शिपाई हवापालटासाठी पिपरटोल्याला पाठवत आहोत. त्यातला एक केवळरामाच्या रिकाम्या जागी कायमचा. त्यांना ठेसनावर घ्यायला हवालदारानं जातीनं जावं.

यादोराव गेला. धुरपताही त्याच सकाळी निघाली होती, तिचं बोचकं कवडूच्या डोक्यावर. वाटभर ती कवडूच्या मागून चालली, हवालदाराच्या मागून नाही. फलाटावरही ती दूर जाऊन बसली.

गाडी आली. दोन पोरं वळकट्या घेऊन उतरली. गालफडं बसलेली, गळ्याच्या हाडांवर सदरा लोंबणारा. त्यातल्या लहान्याचं नाव सुखराम. त्याला धड उभंही राहता येत नव्हतं, तरी त्यानं हवालदाराला पाहून टाचा जुळवल्या आणि हसून म्हणाला, "मामा, तुमच्या चौकीत कोनी बीमारच पडत नाई म्हणते! आमचे सायेब म्हणाले, दोन महिन्यात घोड्यावानी होसान."

धुरपता डब्याकडं निघाली होती. ती वाटेत थांबली. तिनं सुखरामाच्या डोळ्यांतला पिवळेपणा पाहिला, एकदम पुढं येऊन त्याचं मनगट धरलं.

"बाबू, वर नोको जाऊ," ती म्हणाली. "याच गाडीत बस. आपल्या घरी जाय, नाई तं दवाखान्यात जाय. नौकरी गेली तं जाऊ दे. वर नोको जाऊ."

सुखराम गोंधळला. त्यानं आधी तिच्या हाताकडं पाहिलं, मग सोबत्याकडं, मग हवालदाराकडं. आता हवालदार सांगेल तेच खरं, अशा नजरेनं पाहिलं. गार्डानं शिट्टी वाजवली. कवडूनं बोचकं डब्यात टाकलं आणि तिला हाक मारली, तेव्हा तिनं ते मनगट सोडलं आणि दांडा धरून ती वर चढली. तिनं हवालदाराकडं बघितलंसुद्धा नाही. गाडी हलली.

"कोन होती जी थे बाई?" सुखरामानं विचारलं.

यादोराव गाडीच्या शेवटच्या डब्याकडं पाहत होता. अजून सांगता येत होतं. फलाटावर ऐकायला कवडूशिवाय कुणी नव्हतं, दुपारी उलटी गाडी होती, ही पोरं त्यात बसून परत गेली असती. त्याचे ओठ हललेसुद्धा.

"थे?" तो म्हणाला. "येडी हाये बिचारी. चाला, ऊन चढाच्या आंधी वर पोचा लागते."

पोरांनी वळकट्या डोक्यावर घेतल्या आणि ती त्याच्या मागं निघाली.